अल्टरनेटर खोलून आतले पार्ट मल्टिमीटरने कसे चेक करायचे (नवीन लोकांसाठी)

बॅटरी चार्ज होत नाही म्हणून गॅरेजला गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) गेला, पूर्ण बदला. पण अल्टरनेटर असा अख्खा कधी जात नाही. आत मोजून चार-पाच गोष्टी आहेत: रोटर (आत फिरणारं चुंबकाचं वाइंडिंग), स्टेटर (त्याच्याभोवतीचं स्थिर वाइंडिंग, वीज इथे तयार होते), डायोड प्लेट (करंट एकाच दिशेने जाऊ देते, एसीचं डीसी करते), व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर (ज्याला आपले जुने मिस्त्री अजून कटआउट म्हणतात) आणि त्याला जोडलेले कार्बन (फिरत्या रोटरला करंट पोचवणारे), शिवाय दोन बेरिंग. यातलं एक काहीतरी गेलेलं असतं, आणि ते कुठलं हे साध्या मल्टिमीटरने बऱ्यापैकी कळतं. बऱ्यापैकी म्हणतोय कारण मीटर काही ठिकाणी सरळ फसवतो, तो कुठे फसवतो ते पण खाली सांगतोच.

मी इथे साधा १२ व्होल्टचा अल्टरनेटर धरलाय, बोलेरो, टाटा एस, जुनी मारुती, ट्रॅक्टर यांच्यावर असतो तसला. २४ व्होल्टवाल्या ट्रक-बसला पद्धत हीच, आकडे बदलतात (चार्जिंग साधारण २७.५ ते २८.५ आणि रोटरचा रेझिस्टन्स जास्त).

सामान काय लागेल: डायोड मोड आणि १० अँपिअरचं सॉकेट असलेला डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब होल्डर आणि वायरसकट, हेडलाइटचा एक ५५ वॅटचा बल्ब, १० अँपिअरचा फ्यूज वायरमध्ये लावलेला, सोल्डरिंग आयर्न (छोटा २५ वॅटचा नको, स्टेटरच्या जाड तारेला तो पुरत नाही, ६० च्या पुढचा घ्या), पाने, मार्कर. मीटर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल, महागाचा नको पण अगदी खेळण्यातला पण नको.

खोलायच्या आधी, गाडीवरच

ही पायरी लोक गाळतात आणि मग चांगला अल्टरनेटर खोलून बसतात. इंजिन बंद असताना बॅटरीवर व्होल्टेज बघा, १२.४ ते १२.६ पाहिजे. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, डॅशवर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये रोटरला सुरुवातीचा करंट याच दिव्यातून जातो, त्यामुळे तो बल्बच उडालेला असेल तर अल्टरनेटर ठणठणीत असूनही चार्जिंग सुरू होत नाही. दहा-वीस रुपयांचा बल्ब, आणि लोक अख्खा अल्टरनेटर बदलतात.

चावी ऑन असतानाच एक लोखंडी स्क्रू ड्रायव्हर मागच्या बेरिंगच्या जागी किंवा पुढे पुलीच्या नटाजवळ न्या. ओढल्यासारखा वाटला तर रोटरला करंट पोचतोय, म्हणजे रेग्युलेटर, कार्बन आणि रोटर ही साखळी निदान जोडलेली तरी आहे. नवीन गाड्यांमध्ये ही ओढ अगदी हलकी असू शकते, त्यामुळे नाही ओढलं म्हणून लगेच निकाल देऊ नका.

आता इंजिन चालू, आयडलपेक्षा थोडा रेस द्या. बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या आसपास पाहिजे. हेडलाइट, ब्लोअर सगळं लावा, १३.५ च्या खाली जायला नको. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरीचं पाणी सारखं कमी होत असेल तर ते याच्यामुळेच. (अगदी अलीकडच्या गाड्यांमध्ये ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, चार्जिंग कमीजास्त करतो, तिथे आकडा फिरताना दिसला तर घाबरू नका.)

लोड तसाच चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर म्हणजे बी प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर वायर किंवा जॉइंट खराब आहे. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये, इथे ०.२ च्या आत पाहिजे. कोकणातल्या गाड्यांना हे आवर्जून बघा, खाऱ्या हवेने अर्थिंगची पट्टी आतून हिरवी झालेली असते आणि वरून छान दिसते.

शेवटचं, मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवर लावा. पण त्याच्या आधी इंजिन बंद ठेवून एकदा लावून बघा, कारण स्वस्तातले मीटर डीसीलाच एसी समजून पंचवीस-सव्वीस व्होल्ट दाखवतात, आणि पिना उलट्या केल्या की शून्य. तुमचा मीटर असं करत असेल तर या टेस्टसाठी तो निकामी. बरा मीटर असेल तर इंजिन चालू असताना एसी ०.१ च्या आसपास किंवा कमी दाखवतो, अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला की डायोडवर संशय घ्यायचा.

आणि एक, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघायची ती गॅरेजमधली टेस्ट कृपया करू नका. बॅटरी मधून निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात रेग्युलेटर, डायोड आणि नशीब खराब असेल तर ईसीयू पण जातो. जुन्या डिझेल जीपमध्ये चालून जायचं ते, आताच्या गाडीत नाही.

काढणं आणि खोलणं

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. मग बाकी सगळं. बी प्लसची वायर बऱ्याच गाड्यांमध्ये थेट बॅटरीला जोडलेली असते, निगेटिव्ह न काढता त्या नटावर पाना लावला आणि पाना बॉडीला टेकला तर पाना जागेवर वेल्डिंग होतो. वायरींचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, दोन-चार जास्तच काढा.

टेबलावर घेतला की पुढची बॉडी, मधला स्टेटर आणि मागची बॉडी या तिन्हीवरून जाणारी एक आडवी रेघ मार्करने किंवा टोच्याने मारा. नाहीतर परत बसवताना पाय भलतीकडे येतो आणि ब्रॅकेटला जुळत नाही.

मागचं झाकण काढून सगळ्यात आधी रेग्युलेटर आणि कार्बनचा सेट बाहेर घ्या, दोन किंवा तीन स्क्रू असतात. हे न करता बॉडी ओढली की कार्बन तुटलेच म्हणून समजा. काही मॉडेलमध्ये कार्बन आतच असतात, तिथे मागच्या बारीक भोकातून टाचणी घालून त्यांना मागे अडकवायचं असतं. मग लांब बोल्ट काढा, गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. बॉडी सुटत नसेल तर लाकडी हातोडीने हलकं ठोका, पण स्टेटरच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर आत खुपसू नका, वाइंडिंगचं वार्निश खरवडलं की नवीनच दुखणं तयार.

फक्त टेस्टिंग करायचंय तर पुली काढायची गरज नाही. पुढची बॉडी, रोटर आणि पुली एकत्रच राहू द्या, रोटर तसाच चेक होतो. स्टेटर मात्र डायोड प्लेटपासून सोडवायलाच लागतो, कुठे स्क्रूने असतो कुठे सोल्डरने. तारा तीन असतात, कधी चार (चौथी न्यूट्रल, म्हणजे मधल्या जोडाची). आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवू नका, डायोडला उष्णता सोसत नाही. धूळ ब्रशने आणि हवेने काढा. पेट्रोल किंवा डिझेलमध्ये बुचकळून धुवायची जी पद्धत आहे ती वाइंडिंगच्या बाबतीत विसरा.

रोटर

रोटरच्या टोकाला दोन तांब्याच्या रिंगा असतात, त्या आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, कार्बनची पूड राहिली तर खोटं लीकेज दिसतं. मीटर २०० ओहमवर. पहिल्यांदा मीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना टेकवा, ०.२-०.४ असं काहीतरी दाखवेल, तो वायरींचाच रेझिस्टन्स, नंतर वजा करायचा. आता एक पिन एका रिंगवर, दुसरी दुसऱ्या रिंगवर. १२ व्होल्टच्या रोटरला साधारण अडीच ते चार ओहम येतात. मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे, कंपनीचा आकडा मिळाला तर तोच खरा.

मीटरवर ओएल (OL, म्हणजे करंटला रस्ताच नाही) आलं म्हणजे तार तुटली. लगेच भंगारात टाकू नका, बऱ्याचदा तार रिंगला जिथे जोडलेली असते तिथलाच जोड सुटलेला असतो आणि परत सोल्डर करून रोटर जिवंत होतो. पिना तशाच धरून त्या जोडाला जरा हलवून बघा, आकडा उड्या मारत असेल तर दुखणं सापडलं, गाडी गरम झाल्यावरच चार्जिंग जाण्याचं हे एक नेहमीचं कारण.

दीड ओहम वगैरे कमी आला तर आत वेढे शॉर्ट झालेत. असा रोटर चालतो, चार्जिंग पण करतो, पण करंट जास्त ओढतो आणि रेग्युलेटर जाळतो. म्हणून नवीन रेग्युलेटर टाकला आणि महिन्याभरात परत गेला अशी तक्रार असेल तर रेग्युलेटर बनवणाऱ्याला शिव्या द्यायच्या आधी रोटर मोजा. खात्री करायची असेल तर बॅटरी, फ्यूज, मीटरचं १० अँपिअरचं सॉकेट आणि रोटर असे एका ओळीत जोडा. १२ व्होल्ट भागिले ३ ओहम, म्हणजे ४ अँपिअरच्या आसपास आला पाहिजे. ७-८ आला तर रोटर शॉर्ट.

मग एक पिन कुठल्याही रिंगवर आणि दुसरी रोटरच्या शाफ्टवर. इथे ओएलच पाहिजे. काहीही आकडा दिसला तर रोटर बॉडीला लागलाय.

रिंगांवरचा काळपट थर चालतो. बोटाच्या नखाला खाच लागत असेल, रिंग झिजून पातळ झाली असेल तर रिंग बदलून मिळतात, वाइंडिंगवाले करून देतात. नुसती खरखरीत असेल तर बारीक पॉलिश पेपर, ४०० नंबर किंवा त्याहून बारीक, सगळीकडे सारखा फिरवा. एकाच जागी घासलं तर तिथे सपाट होतं आणि कार्बन उडायला लागतो.

स्टेटर, म्हणजे मीटर फसवतो ती जागा

तीन तारा. दोन-दोनच्या जोड्या करून तीन वेळा मोजायचं, तिन्ही वेळा कंटिन्युइटी (तार अखंड आहे अशी बीप) पाहिजे. मग प्रत्येक तार आणि बाहेरचा लोखंडी गाभा यांच्यामध्ये ओएल पाहिजे. नेटवर सगळीकडे इतकंच सांगतात आणि स्टेटर पास करून टाकतात. पण स्टेटरच्या एका जोडीचा रेझिस्टन्स असतो ओहमचा दहावा हिस्सा वगैरे, म्हणजे मीटरच्या वायरींपेक्षाही कमी. आत वेढे शॉर्ट असले काय नि नसले काय, मीटर दोन्ही वेळा तोच आकडा दाखवणार. आणि पुढची गंमत, स्टेटरमधल्या तीन फेज, म्हणजे तीन वेगळी वाइंडिंग, दोन प्रकारे जोडलेल्या असतात, स्टार (तिन्हीचं एकेक टोक मध्ये एकत्र) आणि डेल्टा (तिन्ही त्रिकोणात). स्टारमध्ये एक फेज तुटली तर ओएल येतं, कळतं. डेल्टामध्ये मात्र एक फेज तुटली तरी करंट उरलेल्या दोन फेजमधून वळसा घालून येतो, मीटर बीप करतो आणि तुम्ही म्हणता ओके आहे.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, मग ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब, मग स्टेटरची एक तार, दुसऱ्या तारेतून परत निगेटिव्ह. बल्ब पेटतो आणि साधारण साडेचार अँपिअर स्टेटरमधून जातात. आता मीटर मिलिव्होल्टवर करून स्टेटरच्या त्या दोन तारांवरच टेकवा, बॅटरीच्या वायरीच्या क्लिपवर नाही, तांब्यावरच. दहाव्या हिश्श्याचा रेझिस्टन्स असेल तर ४५० मिलिव्होल्ट दिसतील. तीन जोड्या, तीन आकडे, लिहून ठेवा. आकडा किती याला महत्त्व नाही, तिन्ही जवळपास सारखे आहेत का ते बघायचं. एक आकडा बाकीच्या दोघांच्या बरोबर दुप्पट आला तर डेल्टाची एक फेज तुटलेली आहे. एखाददुसरी जोडी स्पष्ट कमी आली तर शॉर्ट. काही सेकंदात उरका, तार तापली की आकडा सरकतो. अगदी एखादा वेढा शॉर्ट असेल तर तो यातूनही निसटू शकतो, हे मान्य.

बाकी काम डोळे आणि नाक करतात. चांगल्या वाइंडिंगचा रंग तांबूस-सोनेरी. सगळीकडे सारखं तपकिरी झालं असेल तर वय आणि लोड, अजून चालेल. पण एक तृतीयांश वेढे काळे कोळसा आणि बाकीचे स्वच्छ असं दिसलं तर एक फेज जळली, आणि त्यामागे बहुतेक वेळा एक शॉर्ट डायोड असतो, म्हणून नुसता स्टेटर रिवाइंड करून बसवाल तर तो पण जळेल.

जुने वाइंडिंगवाले २३० व्होल्टच्या लाइनवर बल्ब सिरीजमध्ये लावून बॉडी शॉर्ट बघतात. त्यांचा हात बसलेला असतो, नवीन माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

डायोड प्लेट

किमान सहा डायोड, तीन पॉझिटिव्ह बाजूचे, तीन निगेटिव्ह बाजूचे. काहींत न्यूट्रलसाठी दोन जास्त असतात, आणि डी प्लस टर्मिनल (डॅशच्या दिव्याची वायर लागते ते) असलेल्या जुन्या प्रकारात तीन बारके डायोड वेगळे. स्टेटर सुटा केलाय ना? तो जोडलेला असताना मोजलं तर एक डायोड शॉर्ट असला तरी स्टेटरमधून रस्ता मिळून तिन्ही शॉर्ट दिसतात, आणि एक ओपन असला तर तो दिसतच नाही.

मीटर डायोड मोडवर. लाल पिन स्टेटरची तार जिथे लागते त्या पॉइंटवर, काळी बी प्लसच्या प्लेटवर: ०.४ ते ०.६ च्या आसपास दिसेल. पिना उलट्या: ओएल. असं तिन्ही पॉइंटला. मग निगेटिव्ह बाजू, लाल पिन अर्थच्या प्लेटवर, काळी त्याच पॉइंटवर, परत तेवढाच आकडा, उलट केल्यावर ओएल. दोन्हीकडून शून्य आणि बीप म्हणजे शॉर्ट, दोन्हीकडून ओएल म्हणजे ओपन. सगळे ०.४८-०.५० दाखवतायत आणि एकच ०.६० दाखवतोय तर त्या एकावर नजर ठेवा.

मीटर डायोडमधून अगदी नगण्य करंट सोडतो, त्यामुळे लोडवर दम तोडणारा डायोड त्याच्यासमोर सुटतो. म्हणून १२ व्होल्ट आणि २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून प्रत्येक डायोड परत बघा, एका दिशेने बल्ब लागला पाहिजे, दुसऱ्या दिशेने अजिबात नाही, मिणमिणता सुद्धा नाही. शक्य असेल तर प्लेट हेअर ड्रायरने गरम करून उलट दिशेची टेस्ट परत करा, काही डायोड थंड असताना शहाणे असतात.

चावी काढलेली आहे तरी डॅशवरचा बॅटरीचा दिवा मंद लागतोय, सकाळी बॅटरी उतरलेली, हे डी प्लसवाल्या अल्टरनेटरमध्ये पॉझिटिव्ह डायोड शॉर्ट झाल्याचं लक्षण. आणि रेस दिल्यावर कुईंऽऽ असा आवाज येतो पण बेरिंग चांगले आहेत, तेव्हा डायोड बघा. एक डायोड सुटा बदलायचा जमाना गेला, आता पूर्ण प्लेटच घालतात आणि तेच बरं.

रेग्युलेटर आणि कार्बन

कार्बन होल्डरच्या बाहेर ५ मिलिमीटरच्या आसपास उरले असतील तर बदला, दोन्ही एकदम. बोटाने दाबून सोडले की झटकन बाहेर आले पाहिजेत, अडकत येत असतील तर पूड साचलीय. बरेच अल्टरनेटर फक्त एवढ्यावरच परत चालू होतात.

रेग्युलेटर तपासायला रोटरच्या जागी २१ वॅटचा बल्ब दोन कार्बनना जोडा. प्लस डी प्लसवर, (डी प्लस नसेल तर बी प्लस आणि इग्निशनच्या पिनवर), मायनस बॉडीवर. १२ व्होल्टला बल्ब लागला पाहिजे, व्होल्टेज वाढवत १४.२-१४.५ ला विझला पाहिजे. व्होल्टेज कमीजास्त करणारा सप्लाय घरी कुणाकडे असतो? बॅटरीला दीड व्होल्टचे दोन मोठे सेल सिरीजमध्ये जोडा, साडेबाराचे साडेपंधरा होतात. नुसत्या बॅटरीवर लागला आणि सेल जोडल्यावर विझला तर रेग्युलेटर पास. साडेपंधरालाही लागलेलाच राहिला तर तो बॅटरी उकळवणार, आणि लागलाच नाही तर मेला.

हे साध्या रेग्युलेटरचं झालं. नवीन प्रकारात रेग्युलेटर स्टेटरच्या फेजवरून अल्टरनेटर फिरतोय का ते बघतो, टेबलावर तो बल्ब अर्धवट किंवा लुकलुकता लावतो, तो दोष नाही. आणि ईसीयूच्या वायरवर चालणारे रेग्युलेटर या जुगाडाने तपासता येत नाहीत, त्याला टेस्टर लागतो.

बेरिंग आणि जोडणी

बेरिंग हाताने फिरवा, खरखर किंवा हलका खेळ जाणवला तर दोन्ही बदला, नंबर बेरिंगवरच कोरलेला असतो.

जोडताना बी प्लसच्या बोल्टखालचा प्लास्टिकचा किंवा मायकाचा वायसर विसरू नका, तो लावायचा राहिला की बॅटरी सरळ बॉडीला शॉर्ट. पूर्ण जोडून झाल्यावर डायोड मोडमध्ये लाल पिन बॉडीवर, काळी बी प्लसवर: दोन डायोड एकापुढे एक असल्यामुळे ०.८ ते १.१ असं काहीतरी दिसेल. उलट केल्यावर ओएल किंवा खूप मोठा आकडा. इथे बीप वाजला तर गाडीवर चढवूच नका, परत खोला.

बॅटरी उतरलेली असेल तर आधी बाहेर चार्जरवर लावा, मेलेली बॅटरी भरायच्या नादात नवीन प्लेट तापते. मग बसवा, बेल्ट ताणा, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी, आणि सुरुवातीच्या सगळ्या रीडिंग परत घ्या. आत सगळं पास झालेलं असूनही बी प्लसवर १४.२ आणि बॅटरीवर साडेबाराच दिसत असेल तर मधला मोठा फ्यूज किंवा फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखी वितळणारी वायर) बघा, वरून अख्खी दिसते, दोन्ही टोकांना मीटर लावल्यावर खरं कळतं.